काळीतली पांढरी

गावाला दोन माती असतात, हे शाळेआधीच कळतं:
काळी पेरायची, पांढरी राहायची.
आमच्याकडे तिसरीही होती.
पूर्णेच्या दरडीत, दोन पुरुष खाली,
हातभर जाडीचा फिकट पट्टा,
त्याला कुणी नाव दिलेलं नव्हतं.
कवतिकाबाई खुरप्यानं खरवडून ओच्यात भरून आणायची
आणि आम्ही पोरी काठावर बसून
पितळेचे गुंड, गडू, पराती घासायचो,
बोटांची सालं निघेस्तोवर.

पुढची तीस वर्षं मी भलतीकडेच होते.
अमरावतीच्या कॉलेजात ढोरे सर म्हणाले होते,
पायाखाली सगळा लाव्हाच आहे आपल्या, लांब कशाला जाता?
पण आपला लाव्हा पातळ.
भेगेतून आला, उतार मिळेल तसा पसरला,
चुलीवरून उतू गेलेल्या दुधासारखा.
मला फुटणारे डोंगर हवे होते.
घट्ट, चिकट, पोटात वायू कोंडलेले,
शे-दोनशे वर्षं गप्प राहून
एखाद्या दुपारी स्वतःचं डोकं उडवून देणारे.
का हवे होते, ते प्रबंधाच्या प्रस्तावनेत आहे.
ते खरं नाही.
खरं म्हणजे आमच्या घरातली जेवणं:
बाबा आणि काका समोरासमोर,
बोलत कुणीच नसे, नुसती ताटं वाजायची.

मग जावा. मग सुमात्रा.
राख मोजणं हेच काम.
छपरावर चार बोटं, भातखाचरात नऊ,
विहिरीच्या काठाशी एक वीत.
सारख्या जाडीच्या रेषा नकाशावर ओढत जायचं,
कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या एकात एक,
की मधोमध डोंगराचं तोंड सापडतं.
एकदा वाऱ्याचा अंदाज चुकला माझा.
मी पश्चिम म्हणाले, राख पूर्वेला गेली.
अकरा म्हशी,
आणि सुमार्नी नावाची एक बाई, जी छप्पर झाडायला वर चढली होती.
अहवालात त्यावर एक वाक्य आहे.
ते मी सहा वेळा लिहिलं.

आईच्या वर्षश्राद्धाला गावी आले तेव्हा
नदी गुडघ्याएवढीही नव्हती.
दरड पावसानं नवी कापली होती, आणि त्यात तो पट्टा.
चिमूटभर जिभेवर ठेवली.
दाताखाली करकरली.
ही करकर मी ओळखते,
झोपेतसुद्धा.

कवतिकाबाई धनुष्यासारखी वाकलेली, पण तिथंच.
माती कायले खातं व माय?
राख आहे ही, मावशी. समुद्रापलीकडच्या डोंगराची.
चौऱ्याहत्तर हजार वर्षांपूर्वी फुटला तो बहुतेक.
तिनं परात पालथी घातली.
येवढी शिकली तू,
अन् राखच पाह्याची होती त चुलीत का कमी होती?

सूक्ष्मदर्शकाखाली काच दिसली.
वाकड्या पातळ चकत्या, फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंती,
तीन बुडबुडे चिकटले होते तिथं
गलोलीची बेचकी उरलेली.
रासायनिक तपासणी अजून यायची आहे,
तोवर मी कुणाला काही सांगणार नाही.
नमुन्याच्या फॉर्मवर लिहिलं: पूर्णेचा डावा काठ.
खोली, साडेतीन मीटर.
नमुना यापूर्वी हाताळला गेला आहे काय?
या रकान्यात सगळे 'नाही' लिहितात.

आईचा एक गडू आता माझ्या टेबलावर असतो, पेनं ठेवायला.
उजेडात तिरका धरला की ओरखडे दिसतात,
केसाहून बारीक, गोल गोल, सगळे एकाच दिशेनं.
पितळेपेक्षा काच कठीण, एवढंच त्याचं शास्त्र.
काठाजवळ एक जागा मात्र गुळगुळीत आहे.
तिथं तिचा डावा अंगठा असायचा.